राग 'मऊ करणे' : एका इंग्रजी क्रियापदाच्या निमित्ताने

आमच्या पाली अभ्यासवर्गात 'अंगुत्तर निकाया'च्या पञ्चक निपाताचे वाचन चालू असताना आघातपटिविनयाची दोन सुत्ते आली. मूळ पाली समोर, इंग्रजी अनुवाद हाताशी आणि अर्थ मराठीत, ही वर्गाची नेहमीची रीत. एका विद्यार्थ्याने 'पटिविनय' या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द म्हणून 'मॉलिफाय' सुचविला आणि त्यावरून मराठी केले : 'रागावलेल्याची समजूत घालणे'. तेव्हा मागच्या बाकावर बसलेल्या एका प्रौढ उपासिकेने विचारले, "सर, घरी आणि कामावर सगळ्यांचे राग आम्हीच काढत बसायचे. इथेही तेच सांगितले आहे का?"

आम्ही त्या वेळी "नाही, तसे नाही" एवढेच म्हणून पुढच्या ओळीकडे वळलो. उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. घरी आल्यावर आम्ही आमची जुनी व्याख्यानटिपणे काढून पाहिली. त्यांत या सुत्ताचा मथळा 'राग शमविण्याचे पाच उपाय' असा आमच्याच हस्ताक्षरात लिहिलेला आढळला. कोणाचा राग आणि तो शमवावयाचा कोणी, याचा उलगडा त्या मथळ्यातून होत नाही. इतकी वर्षे ही संदिग्धता आमच्या ध्यानातही आली नव्हती. म्हणून प्रस्तुत लेखात त्या इंग्रजी क्रियापदाचा आणि त्याच्या भावंडांचा थोडा सविस्तर विचार करून नंतर पालीकडे यावे, असे आम्ही योजिले आहे.

'मॉलिफाय' हे क्रियापद लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. 'मोलिस' म्हणजे मऊ आणि 'फाकेरे' म्हणजे करणे. शब्दशः अर्थ 'मऊ करणे'. इंग्रजीत ते आले तेव्हा रागाइतकाच त्याचा संबंध शरीराशी होता. कठीण झालेली गाठ किंवा सूज लेप लावून मऊ करणे, हा वैद्यांचा शब्द होता. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स बायबलमध्ये यशयाच्या पहिल्याच अध्यायात हे क्रियापद जखमेला मलम लावून मऊ करण्याच्या अर्थाने आले आहे. त्वचा मऊ ठेवणाऱ्या औषधांना आजही 'इमोलियंट' म्हणतात, तो याच कुळातील शब्द. कालांतराने शारीरिक अर्थ मागे पडला आणि दुखावलेल्या, चिडलेल्या माणसाचे मन नरम करणे हा अर्थ तेवढा उरला.

आता ज्यासाठी आम्ही ही व्युत्पत्ती मांडली ती गोष्ट. लॅटिन 'मोलिस' आणि संस्कृत 'मृदु' हे तुलनात्मक भाषाशास्त्राच्या दृष्टीने सगोत्र शब्द आहेत. 'मृदु'चे पालीत 'मुदु' झाले, प्राकृतात 'मउ' झाले आणि तेथून आपला रोजच्या वापरातील 'मऊ' आला. म्हणजे आपल्या आजीने भाकरीला लावलेले विशेषण आणि इंग्रजांचे हे भारदस्त क्रियापद एकाच घराण्यातील आहेत! परंतु घराणे एक असले तरी स्वभाव एक असतोच असे नाही. पालीत 'मुदुचित्त' हा शब्द कोठे येतो, ते पाहावे. भगवान बुद्ध एखाद्या गृहस्थाला दान, शील अशा क्रमाने उपदेश करीत जातात आणि त्याचे चित्त अनुकूल, मृदू, आवरणरहित, उल्हसित व प्रसन्न झाले आहे असे पाहून मग दुःख आणि दुःखनिरोध यांचा उपदेश करतात. यश कुलपुत्राच्या कथेत हे वर्णन आहे, 'मज्झिम निकाया'तील उपालि गहपतीच्या कथेतही आहे. येथे 'मऊ' झालेले चित्त म्हणजे राग ओसरलेले चित्त नव्हे, तर वळण घेण्यास योग्य झालेले चित्त. मळून तयार झालेल्या मातीसारखे. ध्यानाच्या वर्णनात तर 'मुदुभूत' या शब्दाला 'कम्मनिय', म्हणजे कामास योग्य, हा शब्द जोडूनच येतो. इंग्रजीतील मऊपणा तक्रार बंद व्हावी म्हणून आणला जातो. पालीतील मऊपणा काम सुरू व्हावे म्हणून येतो.

'मॉलिफाय'चा प्रत्यक्ष वापर कसा होतो? एक, रागावलेला माणूस हा या क्रियापदाचा कर्ता कधीच नसतो. तो कर्म असतो. राग एकाला आलेला असतो आणि खटपट दुसरा करतो. दोन, ही खटपट बहुधा काहीतरी देऊन होते : क्षमायाचना, सवलत, भेटवस्तू, निदान गोड शब्द. तीन, हे क्रियापद बरेचदा नकारात किंवा 'काहीसे', 'थोडेफार' अशा शब्दांच्या सोबतीने येते. साहेबांना पत्र लिहिले, पण ते 'मॉलिफाय' झाले नाहीत. किंवा काहीसे झाले. पूर्ण यशाची हमी या शब्दात नाही, रागाच्या मूळ कारणाचा विचार तर नाहीच. राग न्याय्य होता की अन्याय्य, यासंबंधी क्रियापद मौन पाळते.

त्याची भावंडे थोडक्यात सांगावयाची तर 'पॅसिफाय' हे रडणाऱ्या मुलाला गप्प करण्यासाठीही वापरतात आणि बंडखोर मुलूख सैन्य घालून थंड करण्यासाठीही. एकाच क्रियापदाखाली पाळणा आणि बंदूक नांदतात, हे विचार करण्यासारखे आहे. 'प्लॅकेट'मध्ये सवलत देण्याची छटा अधिक. 'प्रोपिशिएट' मुख्यतः देवतांसाठी. बळी देऊन, हवन करून कोपलेल्या देवतेची मर्जी संपादणे हा त्याचा अर्थ, आणि ज्या धम्मात यज्ञाला स्थान नाही त्याच्या अनुवादात तो शब्द फार जपून वापरावा लागतो. आणखी एक गंमत म्हणजे इंग्रजीतील 'पे', पैसे देणे, हा शब्दही शांत करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आला आहे. सावकाराला शांत करण्याचा दुसरा मार्ग कोणता असणार?

सर्वांत बोधप्रद इतिहास मात्र 'सूद' या सौम्य वाटणाऱ्या क्रियापदाचा आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'सत्य ठरविणे' असा होता. ज्या शब्दावरून ते बनले, तो 'सत्य' या अर्थाचा शब्द आपल्या 'सत्' आणि पालीतील 'सच्च' यांचा दूरचा नातेवाईक आहे. पुढे 'तुझे खरे आहे' असे म्हणणे, मग खरे नसतानाही होला हो करणे आणि शेवटी गोंजारून शांत करणे, अशा पायऱ्यांनी तो अर्थ उतरत गेला. सत्यापासून हांजी हांजीपर्यंतचा हा प्रवास एका शब्दाने केला. माणसांनाही तो अपरिचित नाही.

आता 'अपीज' या क्रियापदाकडे येऊ. फ्रेंच 'पे', म्हणजे शांतता, या शब्दावरून ते आले. भूक भागविणे, राग शमविणे, तंटा शांत करणे या अर्थांनी ते शतकानुशतके निर्दोषपणे वापरले गेले. त्याला कलंक लागला तो १९३८ साली. ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन आणि फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए यांनी सप्टेंबर १९३८ च्या अखेरीस म्युनिक येथे हिटलर आणि मुसोलिनी यांच्याशी करार करून झेकोस्लोव्हाकियाचा सुडेटेन प्रदेश जर्मनीला देऊ केला. ज्यांचा प्रदेश जात होता त्या झेकोस्लोव्हाकियाला वाटाघाटीत जागाच नव्हती. मार्च १९३९ मध्ये हिटलरचे सैन्य प्राग शहरात शिरले आणि १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर हल्ला होऊन महायुद्ध पेटले. तेव्हापासून 'अपीजमेंट' म्हणजे तिसऱ्याच्या जिवावर आक्रमकाची भूक भागविणे, असा अर्थ रूढ झाला.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा बदललेला अर्थ अचूक टिपला होता. १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या नावाने निघालेला त्यांचा ग्रंथ पुढे 'पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी 'अपीजमेंट' आणि 'सेटलमेंट' या दोन शब्दांत भेद केला आहे. पहिल्यात आक्रमकाच्या कृत्यांकडे डोळेझाक करून त्याला विकत घेतले जाते आणि त्याची किंमत निरपराध मोजतात. दुसऱ्यात उभयतांना ओलांडता येणार नाही अशी सीमा आखली जाते. पहिल्याला मर्यादा नसते, दुसऱ्याला असते. हा भेद त्यांनी हिंदू-मुस्लिम प्रश्नाच्या आणि काँग्रेसच्या तत्कालीन धोरणाच्या संदर्भात मांडला होता. त्या राजकीय वादात येथे शिरण्याचे कारण नाही, आणि पुढे निवडणुकीच्या भाषणांत 'अनुनय', 'लांगूलचालन' हे शब्द ज्या स्वैरपणे एका समाजाच्या अंगावर फेकले गेले त्याचा भार बाबासाहेबांच्या भेदावर टाकणेही योग्य नव्हे. आम्हाला हवा आहे तो भाषिक भेद. राग शांत करणे म्हणजे काय, या प्रश्नाचा काटा तेथे नेमका सापडतो : सीमा कोणी आखली, आणि किंमत कोणी मोजली?

या प्रकाशात 'धम्मपदा'च्या यमकवग्गातील वैराविषयीची सुप्रसिद्ध पाचवी गाथा पाहू. तीतील क्रियापद 'सम्मति' हे संस्कृत 'शम्' धातूचे आहे. मॅक्समुल्लर यांनी १८८१ च्या अनुवादात त्यासाठी 'थांबणे' या अर्थाचा साधा इंग्रजी शब्द योजला. डॉ. राधाकृष्णन यांनी १९५० च्या आपल्या अनुवादात 'अपीज'चे कर्मणी रूप वापरले. ऱ्हीस डेव्हिड्स आणि स्टीड यांच्या पाली-इंग्रजी कोशातही ते रूप आहे, त्यामुळे राधाकृष्णन यांना एकट्याने दोष देता येणार नाही. तथापि आमच्या मते येथे मॅक्समुल्लर अधिक जवळ आहेत. 'सम्मति' हे अकर्मक आहे. वैर शमते, जसा जाळ लाकूड न मिळाल्याने शमतो. कोणी कोणाला शमवीत नाही. कर्मणी 'अपीज' आणले की वाचकाच्या मनात ताबडतोब एक शमविणारा उभा राहतो, आणि तो कोण असावा हे समाजाने आधीच ठरवून ठेवलेले असते. गाथेत वैरी नाही, त्याच्या पायाशी बसलेला मनधरणी करणाराही नाही. गाथेत फक्त वैर आहे आणि त्याचे संपणे आहे.

आघातपटिविनयाचेही तसेच आहे. 'पटिविनेति' म्हणजे दूर सारणे, घालवून देणे. पहिल्या सुत्तात भगवंतांनी ज्या भिक्खूच्या मनात आघात उत्पन्न झाला आहे त्याला पाच मार्ग सांगितले आहेत : त्या व्यक्तीविषयी मैत्री, करुणा अथवा उपेक्षा वाढवावी, तिच्याकडे मन देऊ नये, किंवा जो तो आपल्या कर्माचा धनी आहे हे ध्यानात आणावे. ज्याचा राग, त्यानेच तो दूर करावयाचा आहे. समोरच्याच्या रागाचे काय करावे, याविषयी हे सुत्त बोलतच नाही. इंग्रजी क्रियापदात जो कर्म होता, तो येथे कर्ता झाला आहे. 'मॉलिफाय' हा प्रतिशब्द चुकतो तो नेमका या ठिकाणी, आणि आमचा मथळाही येथेच चुकला होता.

दुसरे सुत्त सारिपुत्तांचे आहे. काहींची कृती अशुद्ध पण वाणी शुद्ध, काहींची वाणी अशुद्ध पण कृती शुद्ध, काहींचे दोन्ही अशुद्ध, असे माणसांचे प्रकार ते करतात. पहिल्यासाठी त्यांनी दिलेली उपमा फार सुंदर आहे. चिंध्यांचे चीवर वापरणाऱ्या भिक्खूला रस्त्यात एक चिंधी दिसते. तो ती डाव्या पायाने दाबून धरतो, उजव्या पायाने पसरतो आणि त्यातला धड भाग तेवढा फाडून घेतो. ज्याच्यात काहीच धड नाही त्याच्याकडे, दोन गावांच्या मध्ये वाटेवर पडलेल्या आजारी प्रवाशाकडे पाहावे तसे करुणेने पाहावे, असे ते सांगतात. अशुद्धाला अशुद्ध म्हणण्याचे सारिपुत्तांनी कोठेही टाळलेले नाही, ही गोष्ट आमच्या काही प्रवचनकारांनी विशेष लक्षात घ्यावी. राग सोडणे म्हणजे निवाडा सोडणे नव्हे.

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाचे खरे उत्तर ज्या कथेत आहे तिच्याकडे येतो. 'मज्झिम निकाया'तील ककचूपम सुत्तात श्रावस्तीच्या वेदेहिका नावाच्या गृहिणीची गोष्ट आहे. ती सौम्य, नम्र आणि शांत आहे अशी तिची गावभर कीर्ती होती. तिच्याकडे काळी नावाची दासी होती. दक्ष, आळस नसलेली, कामे नीटनेटकी करणारी. काळीच्या मनात विचार आला : बाईंना आतून राग नाहीच म्हणून तो दिसत नाही, की राग आहे, पण माझी कामे चोख होतात म्हणून तो बाहेर पडत नाही? तिने परीक्षा पाहावयाचे ठरविले. एके दिवशी ती उशिरा उठली. बाईंच्या कपाळाला आठी पडली आणि तोंडून रागाचे शब्द आले. काळीने मनाशी नोंद केली की राग आहे. दुसऱ्या वेळी ती आणखी उशिरा उठली, शब्द अधिक तिखट झाले. तिसऱ्या वेळी बाईंनी दाराचा अडसर उचलून तिच्या डोक्यात घातला. काळी रक्ताळलेल्या डोक्याने शेजाऱ्यांकडे गेली आणि म्हणाली, पाहा या सौम्य बाईंची करणी. वेदेहिकेची कीर्ती तेथे संपली.

भगवंतांनी ही कथा भिक्खूंना आत्मपरीक्षणासाठी सांगितली : अप्रिय शब्द कानी पडेपर्यंत सगळेच सौम्य असतात. अट्ठकथेपासून आधुनिक अनुवादांपर्यंत सर्वांचे लक्ष साहजिकच वेदेहिकेवर राहिले. आम्हाला मात्र काळीकडे पाहावेसे वाटते. मालकिणीच्या सौम्यपणाचे श्रेय गाव मालकिणीला देत होते आणि तो सौम्यपणा रोज पहाटे उठून तयार करीत होती काळी. तीच खऱ्या अर्थाने 'मॉलिफाय' करीत होती. तिचे श्रम हेच ते मलम होते. ज्या दिवशी तिने लेप लावण्याचे थांबविले त्या दिवशी गाठ उघडी पडली. या कथेत काळीला कोणीही दोष दिलेला नाही. सकाळी लवकर उठून बाईंचा राग होऊ देऊ नकोस, असा उपदेश भगवंतांनी तिला केलेला नाही. परीक्षा मालकिणीची आहे आणि परीक्षक दासी आहे. पंचवीस शतकांपूर्वीच्या परंपरेने ही मांडणी जतन करून ठेवावी, याचे आम्हाला प्रत्येक वाचनात नव्याने आश्चर्य वाटते.

मग दुसऱ्याचा राग शांत करण्याला धम्मात स्थानच नाही काय? आहे, पण त्याची दिशा पाहावी. विनयाच्या चुल्लवग्गातील पहिल्याच खंधकात सुधम्म भिक्खूची हकीकत येते. मच्छिकासण्ड येथे चित्त गहपतीच्या विहारात तो राहत असे, आणि कोणालाही आमंत्रण देण्यापूर्वी चित्त त्याला विचारीत असे. एकदा सारिपुत्त, मोग्गल्लान आदी थेर तेथे आले असता चित्ताने सुधम्माला न विचारताच त्यांना भोजनाचे आमंत्रण दिले. सुधम्म दुखावला. भोजनाची तयारी पाहावयास येऊन तो म्हणाला की सगळे आहे, फक्त तिळाची पोळी तेवढी दिसत नाही. हा टोमणा चित्ताच्या वर्मी लागणारा होता. प्रकरण भगवंतांपर्यंत गेले. त्यांनी सुधम्माची कानउघाडणी केली आणि संघाने त्याच्यावर पटिसारणीय कर्म करावे, म्हणजे त्याने परत जाऊन त्या गृहस्थाची क्षमा मागावी, असे ठरविले.

सुधम्म मच्छिकासण्डला गेला, पण लाजेने त्याला क्षमा मागवेना, आणि तो तसाच परतला. हे वाचताना आम्हाला तो प्रथमच माणूस वाटतो. तेव्हा संघाने त्याच्यासोबत एक साथीदार भिक्खू, 'अनुदूत', देण्याची व्यवस्था केली. विधी असा की अपराध्याने स्वतः गृहस्थाची क्षमा मागावी. त्याने क्षमा न केल्यास साथीदाराने त्याच्या वतीने मागावी. तरीही न केल्यास स्वतःच्या, आणि मग संघाच्या वचनाने मागावी. एवढ्यानेही गृहस्थ निवळला नाही, तर त्याच्या नजरेसमोर आणि त्याला ऐकू जाईल इतक्या अंतरावर त्या भिक्खूने उकिडवे बसून, हात जोडून आपल्या आपत्तीची कबुली द्यावी. क्षमा करण्याची सक्ती गृहस्थावर नाही. चीवरधारी गृहस्थापुढे हात जोडतो, हे त्या काळच्या प्रतिष्ठेच्या उतरंडीत किती उलटे होते, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको. येथे वापरलेली क्रियापदे दोन आहेत : 'खमापेति', क्षमा करावयास लावणे, आणि 'पसादेति', प्रसन्न करणे. अर्थ 'मॉलिफाय'च्या अगदी जवळचा, पण ओझे अपराध्याच्या डोक्यावर.

बाबासाहेबांच्या 'सेटलमेंट' या शब्दालाही विनयात जोड सापडते, आणि तीही 'शम्' धातूतच. पातिमोक्खाच्या शेवटी सात 'अधिकरणसमथ' येतात, म्हणजे तंटे मिटविण्याचे सात प्रकार. चित्ताच्या शांतीला जो 'समथ' शब्द, तोच तंट्याच्या निकालाला. सातांपैकी पहिला 'सम्मुखाविनय' : निकाल संबंधितांच्या समक्षच व्हावयास हवा. म्युनिकला जे झाले नाही, ते येथे पहिले कलम आहे. सातवा प्रकार 'तिणवत्थारक', गवताने झाकणे. दीर्घ भांडणात दोन्ही पक्षांकडून इतके काही बोलले-केले गेले असेल की एकेक उकरून काढल्यास संघच फुटेल, तेव्हा एकत्र कबुली देऊन सर्वांवर गवत पसरावे. हा व्यवहारी शहाणपणा झाला. पण त्याला दोन अपवाद घातले आहेत : गंभीर आपत्ती आणि गृहस्थांशी संबंधित आपत्ती. संघाबाहेरच्या माणसाला दुखावले असेल तर संघाने आपसात समेट करून त्यावर गवत टाकता येत नाही. आमच्याकडे गावकीच्या बैठकीत कित्येक अत्याचारांवर जे गवत टाकले गेले, ते आठवल्यावाचून हा नियम वाचता येत नाही.

एक शंका उरते. मग शक्राच्या क्षमेचे काय? 'संयुत्त निकाया'त वेपचित्ति असुरेंद्र सभेत येता-जाता शक्राला शिव्या देतो आणि शक्र ऐकून घेतो. तेव्हा त्याचा सारथी मातलि विचारतो, हे भयाने की दुबळेपणाने? हा प्रश्न म्हणजे जवळजवळ 'अपीजमेंट'चाच आरोप होय. शक्राचे उत्तर सर्वत्र उद्धृत होते : भयाने नव्हे, दुबळेपणानेही नव्हे. पण कथेची सुरुवात सहसा सांगितली जात नाही. युद्ध झालेले आहे, असुर हरलेले आहेत आणि वेपचित्ति गळ्यासह पाच बंधनांनी बांधलेला आहे. त्याच्या हाती आता शिव्यांखेरीज काही नाही. सीमा आधी आखली गेली, क्षांती नंतर आली. ज्याच्या हातात अजून अडसर आहे त्याच्यापुढे काळीने शक्राची क्षांती दाखवावी, असा अर्थ या सुत्तातून काढणाऱ्याने ते पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचावे.

पुढच्या वर्गात आम्ही हे सर्व मांडले आणि टिपणातील मथळा बदलून 'आपल्या मनातील आघात दूर सारण्याचे पाच मार्ग' असा केला. 'पसादेति'साठी मात्र मराठी शब्द सुचेना. 'प्रसन्न करणे' म्हटले की देवतेची आठवण होते, 'मनधरणी' म्हटले की रुसव्याची. 'अनुनय' हा शब्द मराठीत सभ्य असला तरी पालीत तो 'पटिघा'च्या जोडीने संयोजनांच्या यादीत बसलेला आहे. 'पसन्न' हे विशेषण पालीत पाण्यालाही लागते आणि 'मिलिन्दपञ्हा'त श्रद्धेला गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या मण्याची उपमा आहे, हे आम्ही सांगत होतो, तोच त्या उपासिका म्हणाल्या, "आमच्याकडे पाण्यात तुरटी फिरवतात, मग ते निवळते. मनही निवळते म्हणतातच की." 'निवळणे' हा शब्द आम्ही फळ्यावर लिहिला. त्याचे प्रयोजक रूप 'निवळविणे' कानाला थोडे अवघड वाटते, आणि सुधम्माच्या प्रसंगात ते कितपत बसते यावर वर्गात अजून एकमत झालेले नाही.